पाठीराखा विरुद्ध पाठराखण

६ जानेवारी, सोमवार

या वर्षी संकल्प एकच. कोणाला घाबरायचं नाही.

तसा मी भित्रा नाहीच, सावध आहे. लोकांना त्यातला फरक कळत नाही. फौजदारी वकिलांना आरडाओरडा करावा लागतो. आमचं काम नावांचं. कोणाचं नाव कोणी ढापलं, कोणाचं कोणासारखं ऐकू येतं, ते थंड डोक्याने बघायचं. ट्रेडमार्कमध्ये थंड डोक्याला मोल आहे आणि माझं डोकं थंड आहे. हातपायही असतात, पण तो एसीचा दोष.

साहेब आज म्हणाले, मार्च उलटला की तुझ्या पार्टनरशिपचं बघू. म्हणजे काचेच्या दारावर त्यांच्या नावाखाली माझं नाव. अक्षरं कुठल्या वळणाची असावीत याचा विचार सुरू केला आहे. थँक्यू सर म्हणताना आवाज जरा चिरकला. साहेबांच्या लक्षात आलं नसावं. त्यांनी पाणी पुढे केलं ते सहजच.

८ जानेवारी, बुधवार

ऑफिस सुटल्यावर हिच्या क्लिनिकवर गेलो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हॉस्पिटलांत लोकांच्या पाठी सरळ केल्यावर हिने स्वतःचं फिजिओथेरपी क्लिनिक काढलं आहे. दोन खोल्या, एक पडदा, एक टेबल, आणि रिसेप्शनला सासूबाई. दारावर निळी पाटी: पाठीराखा.

नाव मी दिलेलं. एका संध्याकाळी चहा पिताना एकदम सुचलं, जणू कोणी कानात येऊन सांगितलं. पाठ राखतो तो पाठीराखा. ही इतकी खूश झाली की तिचा चहा गार झाला. म्हणाली, तुमच्या धंद्याचा पहिल्यांदाच घरात उपयोग झाला. असं नाव आधी कोणी घेतलं नाही ना, सर्चबिर्च नीट केलाय ना, असं तेवढ्यात विचारून घेतलं. मी म्हणालो, म्हणजे काय. अर्जही मीच भरला, हिच्या माहेरच्या नावाने, क्लिनिकच्या पत्त्यावर, कारण ही त्याच नावाने प्रॅक्टिस करते.

सासूबाईंनी आज पेशंटला सांगितलं, आमच्या जावईबापूंनी नाव शोधलं. पेशंटची मान अवघडलेली होती, तरी त्याने आख्खं अंग वळवून माझ्याकडे बघितलं.

सासूबाईंना पुढची प्रक्रिया समजावून दिली. आता नाव सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येणार. कोणाला हरकत असेल तर त्याने मुदतीत घ्यायची. कोणी घेतली नाही की नाव कायमचं आपलं. त्यांनी विचारलं, कोण घेणार हरकत? मी नुसता हसलो.

२० जानेवारी, सोमवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर गादीशेठ बसलेले. आमचे सर्वांत मोठे क्लायंट. गाद्या बनवतात आणि स्वतः खुर्चीवर तिरके बसतात. त्यांच्या गादीचं नाव, पाठराखण.

त्यांचं बोट जर्नलच्या एका ओळीवर होतं. म्हणाले, हा पाठीराखा कोण उपटला?

साहेब म्हणाले, पाठराखणचं रजिस्ट्रेशन यानेच केलं होतं, हरकतीची नोटीसही हाच लिहील. याला हे नाव तोंडपाठ आहे.

खरंच. ते रजिस्ट्रेशन मीच केलं होतं. चहाच्या वेळी कानात येऊन कोण सांगून गेलं, त्याचा आता थोडा अंदाज येतो आहे.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की सर, अर्जदार माझी बायको आहे, ही फाइल मला चालणार नाही. तोंड उघडलंसुद्धा. हो सर, एवढंच बाहेर पडलं.

दुपारी, जागेवर. शांतपणे विचार केला. सर्च केला होता का? आठवत नाही. म्हणजे केलाच असणार. सवयीच्या गोष्टी आठवत नसतात. सकाळी दात घासल्याचं कोणाला आठवतं?

२२ जानेवारी, बुधवार

मार्ग सापडला. नोटीस लिहायची, पण मिळमिळीत. इतकी की वाचणाऱ्यालाच झोप यावी. साहेबांचं समाधान, हिचं रक्षण. चाणाक्षपणा म्हणतात तो हाच.

२३ जानेवारी, गुरुवार

साहेबांनी मसुदा परत केला. विचारलं, ही नोटीस आहे की सांत्वनाचं पत्र? टायपिस्टबाई हसल्या.

मी पार्टनर होणार आहे. टायपिस्टबाईंनी हसावं अशी माझी पायरी नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा लिहिली. काय झालं कळलं नाही, लेखणी धावतच सुटली. ‘अर्जदाराने दुसऱ्याच्या कष्टाच्या कीर्तीवर डल्ला मारण्याच्या हेतूने, जाणूनबुजून आणि दिवसाढवळ्या हे नाव उचलले आहे. अशा व्यक्तीच्या हाती रुग्णांच्या पाठी सोपवणे धोक्याचे ठरेल.’ शेवटचं वाक्य कायद्याच्या दृष्टीने गरजेचं नव्हतं. पण लयीत आलं.

साहेबांनी उभ्याने वाचली. म्हणाले, तुझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम. बाहेर येताना टायपिस्टबाईंकडे बघितलं. त्या फोनवर होत्या.

नोटीस आजच गेली. जिना एका दमात उतरलो नाही. पहिल्या मजल्यावर जरा वेळ बसलो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नोटीस पोहोचली. सही करून सासूबाईंनी घेतली.

जेवताना हिने मोठ्याने वाचून दाखवली. ‘डल्ला’ आला तेव्हा मी आमटी वाढून घेतली. ‘रुग्णांच्या पाठी’ आलं तेव्हा ही वाचायची थांबली. ज्या हातांनी इतक्या माणसांना चालतं केलं त्या हातांकडे तिने बघितलं आणि मग कागदाची घडी घातली. सासूबाई म्हणाल्या, कोण मेल्याने लिहिलंय हे, त्याच्या घरात बायका-माणसं नाहीत का?

मग हिने नोटिशीवरचं ऑफिसचं नाव दाखवलं. आमचंच. मी तयारच होतो. म्हणालो, आमच्या व्यवसायात एथिकल वॉल नावाचा प्रकार असतो. त्या भिंतीपलीकडे काय चालतं ते मला कळू शकत नाही.

ही म्हणाली, तुमच्या ऑफिसात पार्टिशनसुद्धा नाही. पाच माणसं एका हॉलमध्ये बसता. भिंत कुठून आली?

मी म्हणालो, ती मानायची असते.

हिने फार ताणलं नाही. एवढंच म्हणाली, उद्या साहेबांना सांगून टाका की हे क्लिनिक माझ्या बायकोचं आहे. ते सज्जन आहेत, दोनदा आपल्याकडे जेवून गेलेत. आणि मला खरं सांगा, सर्च केला होता ना?

मी हो म्हणालो. घाबरून नव्हे. वाद वाढू नये म्हणून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आरशासमोर सराव केला. छान जमलं. आरशातला माणूस ठाम वाटत होता.

साहेब डबा खात होते. घास तोंडात असताना माणसाला धक्का देऊ नये.

१० फेब्रुवारी, सोमवार

साहेब खुशीत. कुठलीशी मोठी केस जिंकले. आनंदावर विरजण नको.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब चिडलेले. आज बोलणं म्हणजे आगीत तेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दार ढकलून आत गेलोच. साहेब म्हणाले, काय रे? मी म्हणालो, काही नवीन काम आहे का सर? आत जाऊन बाहेर आलो तेव्हा हातात चपलांच्या ब्रँडची एक नवी फाइल होती. साहेबांनी विचारलं होतं, इतका घाम का आलाय, बरं नाही का? या प्रश्नावरून संभाषण योग्य वळणावर नेता आलं असतं. पुढच्या वेळी हाच प्रश्न पकडायचा.

घरी हिने विचारलं, सांगितलंत? मी म्हणालो, विषय काढलाय. आत गेलो होतो हे खरं आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ही म्हणते, अर्ज तुम्ही भरलात, आता नोटिशीला उत्तरही तुम्हीच लिहा. परक्या वकिलापुढे माझी लाज निघायला नको.

लिहायला बसलो. प्रथमच नोटीस प्रतिपक्षाच्या नजरेने वाचली आणि अंगावर काटा आला. एकही फट नाही. जिथे बोट घालावं तिथे आधीच बूच मारून ठेवलेलं. लिहिणारा माणूस भयंकर असला पाहिजे असं वाटून गेलं. मग आठवलं. तरी भीती कमी झाली नाही.

एकाच लेखणीतून दोन्ही बाजू. इतका समतोल क्वचितच कोणा वकिलाला साधत असेल. हे कोणाला कळलं तर सनद जाईल. पण कळेल कसं? दोन्ही बाजूंना मीच आहे.

३ मार्च, सोमवार

सासूबाईंनी बातमी दिली. क्लिनिकमध्ये नवीन पेशंट आला आहे, गाद्यांचा कारखानदार. नाव चोरणारी बाई कोण ते बघायला म्हणून आला होता. आत येऊन भांडायला वाकला तो वाकलेलाच राहिला. हिने धरून टेबलावर झोपवला. जाताना स्वतःच्या पायांनी गेला आणि पुढच्या तीन वेळा ठरवून गेला.

ही म्हणाली, माणूस वाईट नाही. पाठ मात्र लाकडासारखी झाली आहे. मी त्यांना म्हटलं, कोर्टात भेटू तेव्हा भेटू, तोवर व्यायाम चुकवू नका.

रात्रीचं जेवण गेलं नाही. गादीशेठ मला ओळखतात. आता क्लिनिकवर पाऊल टाकायचं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

पाऊल टाकावं लागलं. ही कपाटाची चावी घरी विसरली होती. माझ्या हिशेबाने गादीशेठ आज यायचे नव्हते.

पडद्याखालून टेबल दिसलं आणि आवाज ऐकू आला. ते हिला सांगत होते, आमचा वकील एकदम वाघ आहे, नोटीस वाचून मलाच तुमची कीव आली. ही म्हणाली, भेटायला आवडेल मला त्यांना. मागे सरलो तर मागे पाणी गरम करायचं मशीन. त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत शिरलो. जागा अरुंद होती पण मी सडपातळ आहे.

तेवढ्यात सासूबाई. जावईबापू, मशीनमागे काय करताय?

मी म्हणालो, वायरिंग बघतोय.

पडदा सरकला. सुदैवाने गादीशेठ पालथे होते, तोंड टेबलाच्या भोकात. त्यांना फक्त माझे बूट दिसले. जावई इलेक्ट्रिशियन का, असं त्यांनी जमिनीकडे बघून विचारलं. सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, छे हो, वकील आहेत. मी चावी ठेवून निघालो. धावलो नाही, झपाझप चाललो.

२१ मार्च, शुक्रवार

गादीशेठचा साहेबांना फोन. म्हणाले, भांडण नको, बाई गुणी आहे, समोरासमोर बसून मिटवू. सोमवारी मीटिंग, साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब मला म्हणाले, तू हवासच, नोटीस तुझी आहे.

घरी ही म्हणाली, सोमवारी गादीवाल्यांनी मिटवायला बोलावलंय. बरं झालं, तुम्ही साहेबांना आधीच सांगून ठेवलंय. सांगितलंय ना?

मी मान हलवली. अशी हलवली की तिचा हो किंवा नाही, कुठलाही अर्थ निघावा. तिने हो घेतला. त्यात माझा दोष नाही.

२३ मार्च, रविवार

उपाय सुचला. उद्या माझी पाठ धरणार. उठताच येणार नाही. दुखण्यापुढे कोणाचं चालत नाही. कण्हण्याचा थोडा सराव केला. सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

२४ मार्च, सोमवार. सकाळ

चूक झाली. दुखण्याची निवड करताना बायकोचा व्यवसाय लक्षात घ्यायला हवा होता. पोट म्हणायला हवं होतं.

हिने पालथं झोपवलं. मणका मणका दाबून बघितला. इथे दुखतं? हो. इथे? हो. इथे? हो. ही म्हणाली, तिथे मी हात लावलेलाच नाही.

मग बिछान्याच्या कडेला बसली. म्हणाली, मी दिवसभर खरी दुखणी बघते. तुम्हाला कसलीतरी भीती वाटते आहे. काय आहे ते आत्ता सांगितलंत तर मी तुमच्याबरोबर उभी राहीन. मीटिंगला जायच्या आधी सांगा.

उशीत तोंड होतं. बोलायला जागा नव्हती. ती बराच वेळ बसली. मग उठून तयारीला लागली.

मी आता ऑफिसला निघतो आहे. अजूनही सगळं सुरळीत होऊ शकतं. साहेब विसरभोळे आहेत. गादीशेठची नजर अधू असावी.

दुपार

ऑफिसच्या बाथरूममध्ये लिहितो आहे.

ही आणि सासूबाई वेळेवर आल्या. साहेब हसत उभे राहिले. म्हणाले, वहिनी, तुम्ही इकडे कशा? याचा डबा राहिला का घरी?

ही म्हणाली, मी पाठीराखा.

साहेबांना आधी तो विनोद वाटला. मग त्यांनी हातातल्या अर्जावरचं नाव वाचलं, हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी एसीकडे बघत होतो.

हिने विचारलं, यांनी तुम्हाला सांगितलं नाही? साहेब म्हणाले, नाही. हिने पर्समधून नोटीस काढली आणि विचारलं, ही कोणी लिहिली तेवढं सांगा, मला त्या माणसाशी दोन शब्द बोलायचे आहेत. माझ्या हाती कोणाची पाठ सोपवू नये असं त्याला का वाटतं, ते विचारायचं आहे.

साहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. शेवटी त्याच चष्म्याने माझ्याकडे खूण केली.

मी म्हणालो, एथिकल वॉल.

मला वाटलं होतं, ही रागाने बघेल. तशी बघितली नाही. एक्स-रे उजेडात धरून बघते ना, तशी बघितली. सासूबाईंनी माझ्यावरची नजर काढून जमिनीवर ठेवली. आजवर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

गादीशेठ भला माणूस. तेच आधी सावरले. म्हणाले, ताई, झालं ते झालं. गादी वेगळी, क्लिनिक वेगळं. नाव खुशाल ठेवा, मी हरकत मागे घेतो, कागदावर लिहून देतो. माझ्या गादीने जे जमलं नाही ते तुमच्या हातांनी केलं.

म्हणजे माझी शंभर टक्के जीत. दोन्ही बाजूंनी. मी हसायलाही लागलो होतो.

ही म्हणाली, तुमचे उपकार आहेत, पण नको. या नावापायी माझ्या घरात इतकं खोटं बोललं गेलंय की ते नाव मला आता दारावर वाचवणार नाही. पाटी मी उतरवते.

तिचा आवाज अजिबात कापला नाही. माझा नेहमी का कापतो कोण जाणे.

२५ मार्च, मंगळवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, पहिल्याच दिवशी एक वाक्य बोलला असतास तर मी फाइल दुसऱ्याकडे दिली असती, आणि संध्याकाळी आपण चहा घेतला असता. एवढा कसला घाबरलास माझ्याशी बोलायला?

मी म्हणालो, घाबरलो नव्हतो सर, योग्य वेळ बघत होतो.

पार्टनरशिपचा विषय त्यांनी तूर्त पुढे ढकलला आहे. किती पुढे ते मी विचारलं नाही. बार कौन्सिलकडे तक्रार करणार नाही म्हणाले, हे मोठं मन. ऑफिसची किल्ली मात्र मागून घेतली. सुरक्षेचं काहीतरी असावं. टेबलावरचं सामान नेण्यासाठी टायपिस्टबाईंनी पिशवी दिली. हसल्या नाहीत.

७ एप्रिल, सोमवार

स्वतंत्र प्रॅक्टिस करायचं जवळपास ठरवलं आहे. आतून एक धाडस जाणवतं. फक्त साहेबांच्या गल्लीतून जाणं टाळतो, कारण तिथे खोदकाम सुरू आहे.

क्लिनिकवरची पाटी उतरली. त्या जागी भिंतीचा रंग वेगळा दिसतो. पेशंट तेवढेच येतात. गादीशेठ आता वाकून स्वतःचे बूट घालतात, असं सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. मला थेट सांगितलं नाही. हल्ली त्या मला जावईबापू म्हणत नाहीत, ‘अहो’ म्हणतात. तेही वाईट नाही.

हिने नवीन नाव ठरवलं आहे. त्याचा अर्ज कोपऱ्यावरच्या वकीलबाईंकडे दिला. मी म्हणालो, घरात अनुभवी माणूस असताना बाहेर कशाला? ही म्हणाली, त्यांनी सर्चचा रिपोर्ट हातात आणून दिला.

मी सहज विचारलं, नाव काय ठेवलंस?

म्हणाली, पाटी लागली की वाचा.